अप्पांनी मोडलेल्या सोयरिकी

निकालाला महिना राहिला होता तेव्हा दिशा वकिलीणबाईंनी अप्पांना बारामतीच्या कोर्टाबाहेर चहाच्या गाड्यापाशी बाजूला घेतलं. त्यांची बायको रंगूबाई लांब, लिंबाखालच्या कट्ट्यावर बसली होती.

"अप्पा, मी खोटी आशा लावत नाही. मावशींना शिक्षा होणार. निकालाच्या दिवशी पिशवी भरूनच या."

अप्पांनी चौतीस वर्षं वालचंदनगरला फिटर म्हणून काढली होती. काम कळलं की हत्यारं गोळा करायची, बाकीची चर्चा करायची नाही, ही तिथली सवय. त्यांनी खिशातून डायरी काढली.

"पिशवीत काय काय भरायचं, तेवढं सांगा."

दिशाताईंनी सांगितलं. साध्या सुती साड्या, टॉवेल, चष्मा, बीपीच्या गोळ्या आणि सोबत डॉक्टरची चिठ्ठी. सोनं नको, मिश्री तर अजिबात नको. अप्पांनी सगळं लिहून घेतलं. मग दिशाताई हळूच म्हणाल्या, "मावशींनी जबाबात एवढं एक वाक्य बोलायला नको होतं."

त्या एका वाक्याची गोष्ट अशी.

अप्पा आणि रंगूबाईला एकच मुलगी, पायल. बारावी झाल्यावर तिला सोमेश्वरनगरकडच्या समाधानला दिली. मुलगा एमआयडीसीत नोकरीला, घरचं तीन एकर बागायत, विहारात थाटात लग्न झालं. अप्पांची बहीण आक्काबाई त्याच गावात नांदत होती, म्हणून आणखी चौकशी कुणी केली नाही. तीन वर्षांत पायल दोनदा माहेरी पळून आली. पहिल्यांदा तिचा दात पडलेला होता, दुसऱ्यांदा पाठीवर पट्ट्याचे वळ होते. दोन्ही वेळेला अप्पांनीच तिला एम-एटीवर मागं बसवून परत नेऊन घातली. "संसार हाय बाळा, थोडं नमतं घे," असं ते तिला वाटेत म्हणाले होते. तिसऱ्यांदा ती आली नाही, फोन आला. सासरच्या शेततळ्यात सापडली होती.

खटला उभा राहिला. शेजाऱ्यांनी पोलिसांना एक सांगितलं आणि कोर्टात दुसरंच. पाय घसरून पडली, असं सगळे म्हणाले. पुराव्याअभावी समाधान सुटला. कोर्टाच्या फाटकातच त्याच्या भावांनी पेढे वाटले आणि एकानं चुकून अप्पांच्याही हातावर पेढा ठेवला. अप्पांच्या पिशवीत त्या दिवशी बावीस नंबरचा पाना होता. प्रत्येक तारखेला असायचा. समाधान त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता, हसत होता. अप्पांचा हात पिशवीत गेला आणि तिथंच राहिला. घरी येऊन त्यांनी पेढा शेणखताच्या खड्ड्यात टाकला आणि पाना खुंटीला लावला.

वर्षभरानंतर, जानेवारीत, रंगूबाई रस्त्याकडच्या गुऱ्हाळावर कामाला होती. काहिलीत रस उकळत असतो तेव्हा वर येणारी मळी लांब दांड्याच्या पळीनं काढत राहायची, हे तिचं काम. दुपारी एक गाडी थांबली. चार पोरं उतरली, त्यात समाधान. धुरात त्यानं तिला आधी ओळखलं नाही. ओळखल्यावरही त्यानं मान खाली घातली नाही.

"मामी, तुमी व्हय? बरं झालं. साखरपुडा हाय माझा परवा. चांगला पिवळा गूळ द्या दहा किलो."

रंगूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. पाक तेव्हा घट्ट होत आला होता, बुडबुडे फुटत होते. तिनं पळी खोल बुडवली, भरून वर काढली आणि त्याच्या तोंडावर मारली.

उजवा गाल, कान, मान आणि तोंड झाकायला वर नेलेला हात, सगळं भाजलं. गुळाचा पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. डोळा वाचला. साखरपुडा मोडला.

दिशाताईंनी बचाव नीट बांधला होता. वय झालेली बाई, धूर, हातातून पळी निसटली. गुऱ्हाळाचा मालकही तसं सांगायला तयार झाला होता. पण जबाबाच्या दिवशी न्यायाधीशांनी विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?" तेव्हा रंगूबाई कठड्याला धरून सरळ उभी राहिली.

"साहेब, पळी निसटली न्हाय. मी मारली. दुसरी भरणार व्हते, तवर लोकांनी धरलं."

हेच ते वाक्य. दिशाताईंनी डोक्याला हात लावला. मागच्या बाकावर बसलेल्या अप्पांना मात्र छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. पायल गेल्यापासून असं वाटलं नव्हतं.

आता महिना हातात होता. अप्पांनी पहिल्याच दिवशी घरातली मिश्रीची डबी उकिरड्यावर फेकली. रंगूबाई दिवसभर चिडचिडली, डोकं धरून बसली.

"आत गेल्यावर सुटंलच की आपोआप," ती म्हणाली.

"तितं डोकं धराय कोण हाय तुझं? हितंच सोड. मी बी तंबाखू सोडतो."

दोघांनी मिळून सोडली. आठ दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. अप्पांनी तालुक्याच्या दवाखान्यातून गोळ्यांची चिठ्ठी घेतली, चष्म्याला नवी काडी बसवली. इंदापूरला एक जण जेलमधून सुटून आला होता, त्याला गाठून आतली रीतभात विचारून आले. पहाटे किती वाजता उठवतात, भेटीला काय कागद लागतात, फोन कुणाला करू देतात. रंगूबाईला आकडे वाचता येत होते, पण पाठ नव्हते. अप्पांनी आपला मोबाइल नंबर तिच्याकडून रोज घोकून घेतला, लहानपणी पायलकडून पाढे घ्यायचे तसा. ती भांडी घासताना मधेच म्हणायची, "अठ्ठ्याण्णव, बावीस, पुढं काय हो?"

निकालाच्या आदल्या दुपारी पिशवी भरून झाली. अप्पा तिच्यासमोर बसले. इतकी वर्षं पोटात असलेलं त्यांनी बोलून टाकलं.

"रंगू, पेढं वाटलं त्या दिवशी माझ्या पिशवीत पाना व्हता. मारायला पायजे व्हता मी. म्हंजी तुझ्यावर ही पाळी आली नसती."

"ठावं हाय मला. पिशवी मीच धुवायची तुमची. तारीख आली की तिच्यात पान्याचं ग्रीस असायचं."

"मग बोलली का न्हाईस?"

"वाट बघत व्हते तुमची," ती म्हणाली. "लई वाट बघितली."

ती पुढं म्हणाली, "पोरीला दोनदा नेऊन घातली तुमी. दोन्ही टायमाला मी दारात उभी व्हते. मी बी आडवी न्हाय पडले. माझं माझ्या हातनं फिटलं. तुमचं ऱ्हायलंय."

दुसऱ्या दिवशी पाच वर्षं सक्तमजुरीची शिक्षा झाली. समाधान गळ्याभोवती रुमाल गुंडाळून मागं बसला होता. शिक्षा ऐकताना रंगूबाई न्यायाधीशांकडं पाहतच नव्हती, ती मान वळवून त्याच्या गालाकडं पाहत होती. महिला पोलीस तिला घेऊन निघाली तेव्हा अप्पांनी पिशवी पुढं केली. तिनं ती घेतली, त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि गाडीत चढली.

तीन महिन्यांनी आक्काबाईचा फोन आला.

"दादा, समाधानला पोरगी बघत्यात. भिगवणकडची हाय. गुऱ्हाळात काहील कलंडली, म्हून भाजला, असं सांगत्यात."

अप्पांनी रात्रभर विचार केला असं नाही. त्यांनी लगेच पत्र्याची पेटी उघडली. पायलचा पिवळ्या साडीतला फोटो, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, पहिल्यांदा आली तेव्हाच्या दाताच्या डॉक्टरची चिठ्ठी आणि रंगूबाईच्या निकालाची प्रत, सगळं एका फायलीत लावलं. सकाळी एम-एटीला किक मारली.

भिगवणकडच्या त्या घरात त्यांनी आवाज चढवला नाही. पाणी घेतलं, फाइल चटईवर ठेवली. "मी त्या पोराचा पहिला सासरा. ही माझी लेक. कोर्टानं त्याला सोडलंय, ते बी सांगतो. माझी बायको त्याला भाजलं म्हून येरवड्यात हाय. तुमी वाचा आन् मग काय ते ठरवा." मुलीच्या आईनं फोटो हातात घेतला, मग मुलीला हाक मारून तो तिच्या हातात दिला, त्यावरूनच अप्पांना उत्तर कळलं. परत येताना ते भिगवणच्या पुलावर थांबले. पाण्याकडं बघत त्यांनी पाच वर्षांत पहिल्यांदा शीळ घातली.

दुसरी सोयरीक फलटणकडची होती, तिसरी माळशिरसकडची. दोन्ही मोडल्या. फलटणला मुलीच्या मामानं त्यांना धक्के मारून बाहेर काढलं, पण दोन दिवसांनी त्याच मामाचा फोन आला, "बाबा, चौकशी केली. उपकार झाले." मुलींचं भलं होतंय म्हणून आपण जातो, असं अप्पा लोकांना सांगत. ते खोटं नव्हतं. पण गाडी चालवताना त्यांच्या डोळ्यांपुढं त्या मुली नसत. तो फाटकातला पेढा असे.

तिसरी मोडल्यावर आठवड्याभरात समाधान स्वतः लासुर्ण्याला, अप्पांच्या घरी आला. एकटाच आला, भर दुपारी. रुमाल काढून अंगणात उभा राहिला. उजवा कान आक्रसून शेंगेसारखा झाला होता, गालाची कातडी मानेपर्यंत ओढली गेली होती, हाताची दोन बोटं एकमेकांना चिकटली होती. अप्पा इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी सावकाश, सगळं पाहून घेतलं.

"मामा, सोडा आता. आई म्हातारी झाली. घरात भाकर टाकाय कोण न्हाय. मामीनं मला जलमाचं भाजलं, अजून काय पायजे तुमास्नी?"

"पायल कशी पडली तळ्यात?" अप्पांनी विचारलं.

समाधान रुमालाची घडी घालायला लागला.

"एवढंच सांग. कोर्टात न्हाय, हितं. माझ्यापुढं."

"मी तितं नव्हतोच मामा."

"तिच्या पाठीवरचं वळ कुणाचं व्हतं?"

"नवराबायकोत व्हतं तसं... थोडंफार..."

अप्पा उठले. एक क्षण त्यांची नजर खुंटीवरच्या पान्याकडं गेली. मग त्यांना वाटलं, नको. एका घावात हा सुटेल, आणि मी आत जाईन. बाहेर राहूनच काम चांगलं चाललंय.

"जा," ते म्हणाले. "तू जितं जितं पोरगी बघशील, तितं मी तुझ्या आधी पोचलेला असंन. दार उघडंल तवा माझी फाइल चटईवर असंल. रंगू सुटंपर्यंत बी, आन् सुटल्यावर बी. तवा तर आमी दोघं येऊ."

समाधानच्या एका डोळ्यातून पाणी आलं, भाजलेल्या बाजूच्या. अप्पांनी तेही पाहिलं आणि दार लावून घेतलं.

चौथी सोयरीक निमगाव केतकीची. मुलगी प्रतीक्षा, बारामतीला दवाखान्यात नर्स. वडील नव्हते. आईनं फाइल तिच्याच हातात दिली. तिनं रिपोर्ट ओळीनं वाचला, दवाखान्यातली असल्यामुळं तिला प्रत्येक शब्द कळत होता. एका ठिकाणी तिनं बोट ठेवलं.

"काका, पाठीवर जुन्या जखमा, मनगटावर दाबल्याच्या खुणा. पाय घसरून पडलेल्याच्या मनगटावर खुणा कशा असतील? हे कुणी विचारलं नाही?"

इतक्या वर्षांत अप्पांना हे असं कुणी विचारलंच नव्हतं. प्रतीक्षानं रिपोर्टचा मोबाइलवर फोटो काढून घेतला. "लग्नाचं तर सोडाच. आमच्या डॉक्टर मॅडमना दाखवते. तुमच्या वकिलांचा नंबर द्या."

आठ दिवसांनी अप्पा भेटीसाठी येरवड्याला गेले. भेटीला आलेल्यांत सगळ्यांत म्हातारे तेच होते. काचेपलीकडं रंगूबाई आली. वाळली होती, पण ताठ होती. आतल्या स्वयंपाकघरात तिला काम मिळालं होतं. अप्पांनी काचेशेजारच्या फोनवर सगळं सांगितलं. समाधान अंगणात येऊन रडला, चौथी मोडली, आणि दिशाताई पायलच्या रिपोर्टची कागदपत्रं घेऊन पुण्याला मोठ्या वकिलांकडं जाणार आहेत. समाधान सुटला त्यावर वरच्या कोर्टात अपील करायची मुदत केव्हाच गेली आहे, उशीर माफ होईल का सांगता येत नाही, पण अर्ज टाकणार आहेत.

वरच्या कोर्टाचं रंगूबाईनं नुसतं ऐकून घेतलं. कोर्टावर तिचा विश्वास उरला नव्हता. तिनं वेगळंच विचारलं.

"जवळनं बघितला व्हय तुमी? कसा दिसतो?"

अप्पांनी कान सांगितला, गाल सांगितला, चिकटलेली बोटं सांगितली. ती डोळे मिटून ऐकत होती, कुणी कीर्तन ऐकावं तशी. सांगून झाल्यावर म्हणाली, "बोटांचं परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं.

"किती वय असंल आता त्याचं?"

"चौतीस."

रंगूबाई हसली. शेजारच्या काचेसमोरची बाई वळून बघायला लागली, इतक्या मोठ्यानं हसली. मग अप्पांकडं बघत म्हणाली, "लई वर्षं हायती अजून. गाडीला आईल घालत जावा येळच्या येळी."