पुसलेला मेवा

आमच्या लकडगंजात बोर्ड रंगवणारे एक काका होते. अक्षर काढताना जीभ दातात धरत, मी त्यायची हुबेहूब नक्कल करतो. त्या दिवशी किराणावाल्यानं तयार बोर्ड पाहून फर्मावलं, "'सुका मेवा' पुसा. परका शब्द आहे. मले फक्त शुद्ध मराठी पाहिजे."

काका म्हणाले, "भाऊ, 'फक्त' अरबी होय. इतकी वर्षं इथंच जेवून राहिले हे शब्द, त्यायले परके काहून म्हणता?"

"तुम्ही पुसा गा."

दोन दिवसांचं काम काकांनी पुसलं अन् 'सुकी फळे' लिहिलं. माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या तोंडातला 'फक्त' ओळखू येत नाही, अन् दुसऱ्याच्या हातचं पुसायले लावते.

आता गिऱ्हाईक बोर्ड वाचून पुढं जाते, अन् हाच किराणावाला दारात उभा राहून ओरडते, "मेवा आहे, मेवा आहे."