आधी गोष्ट, मग गिलास

युसूफचाचांशी माझी पहिली भेट झाली ती भांडणापायी. मी नंदुरबारच्या एका शाळेत इतिहास शिकवतो. सहामाहीच्या पेपरात मी विचारलं होतं, तुघलकाने राजधानी दौलताबादहून परत दिल्लीला का नेली? तिघा पोरांनी लिहिलं, 'दौलताबादला चांगली लिंबं मिळेनात म्हणून.' माझं डोकंच फिरलं. हे ज्ञान कुठून आलं म्हणून दरडावलं, तर तिघांनी बाजारातल्या एकाच सरबताच्या दुकानाकडे बोट दाखवलं.

पेपर घेऊन तडक तिथे गेलो. ठेंगणे, पांढऱ्या दाढीचे चाचा चष्मा लावून तिन्ही उत्तरं वाचत बसले. मग म्हणाले, "मंग, मार्क दिन्हात ना?"

त्यांनी मला बाकावर बसवलं आणि दोन गिलास पुढे ठेवले. आलं घातलेलं लिंबाचं सरबत एका गिलासातून दुसऱ्यात ओतलं. दिल्लीहून दौलताबाद. मग दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात. टेबलावर थोडं सांडलंच. त्या थेंबांवर बोट ठेवून ते म्हणाले, "जे सांडनं, ते वाटमा ऱ्हायी गयं."

इतकी वर्षं हा धडा शिकवत होतो, पण वाटेत राहिलेल्या माणसांपाशी मी कधी थांबलो नव्हतो. भांडण राहूनच गेलं. सरबत मात्र फर्मास होतं.

मग रोजचंच झालं. शाळा सुटली की माझे पाय आपोआप तिकडे वळायचे. प्रत्येक सरबताला एक गोष्ट, आणि गोष्ट संपेपर्यंत गिलास चाचांच्या हातात. कॉलेजची पोरं 'मॉकटेल द्या' म्हणत यायची, त्यांनाही तोच कायदा. "पहिले आयका, मंग प्या." आग्र्याच्या बादशहासाठी डोंगरातून बर्फ कसा यायचा हे सांगताना गिलासातला बर्फ निम्मा वितळायचा, आणि चाचा म्हणायचे, बादशहालाही एवढाच मिळायचा. मी पुरावे मागायचो, तर म्हणत, "सर, तुमना इतिहास परीक्षाकरता, मन्हा तहानकरता."

गेल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन नीट झालं, पण आवाज परत येईल की नाही ते डॉक्टरांना सांगता येईना. महिनाभर बोलायची बंदी होती. बंदी उठली तरी घशातून नुसती हवा यायची. चाचांनी दुकान बंद केलं. चाची मला म्हणाल्या, हे खोलीत भिंतीकडे तोंड करून बसतात, गोष्टीशिवाय सरबत विकायचं नाही म्हणतात, तेही पाटीवर लिहून. मला फार वाईट वाटलं. मग रागही आला. मी त्यांना सुनावलं, की तुमच्या सगळ्या गोष्टी आम्हाला तोंडपाठ आहेत. तुम्ही नुसतं सरबत करा, गोष्ट गिऱ्हाईक सांगेल.

दुकान उघडलं. गिऱ्हाइकं सांगायची आणि चाचा गिलास धरून ऐकायचे. चुकलं की चमचा गिलासावर वाजवायचे. आम्ही गोष्टींची पार वाट लावली. माझा तुघलक तर तारखांनी इतका जड झाला की लोक जांभया देऊ लागले.

एका मंगळवारी कळसाडी गावचा उत्तमभाऊ आला. ऊस-कापूस पिकवणारा, बोलायला मोकळाढाकळा माणूस. त्याने खरबुजाचं सरबत मागितलं आणि त्याची गोष्ट सुरू केली. फार पूर्वी एक परदेशी प्रवासी खानदेशात आला, इथलं खरबूज खाल्लं आणि ते त्याला इतकं आवडलं की त्याने वहीत लिहून ठेवलं. इथवर ठीक होतं. पण पुढे उत्तमभाऊने ठोकून दिलं, की ते खरबूज कळसाडीचं होतं, त्याच्या पणजोबांच्या पणजोबांच्या मळ्यातलं.

चमचा वाजला. उत्तमभाऊ थांबेना, मळ्यातली विहीरसुद्धा सांगू लागला. चमचा पुन्हा वाजला, जोरात. चाचांचा चेहरा लालबुंद झाला, आणि फाटक्या, घोगऱ्या आवाजात शब्द आले.

"खोटं. खरबूज नंदुरबारनं व्हतं."

चाची पडदा सारून बाहेर आल्या आणि दारातच खाली बसल्या. चाचा स्वतःच्या गळ्याला हात लावून बघत होते. माझे डोळे भरून आले, सांगायला लाज कसली. उत्तमभाऊ तर उघड रडत होता. बाहीने नाक पुसत तो चाचांजवळ सरकला.

"चाचा," तो म्हणाला, "आखीन एक खोटं सांगू का?"