राणीच्या कानाचं रक्त

त्या गावात कुणाचं रक्त मिळवणं म्हणजे वाळू रगडून तेल काढण्यातला प्रकार होता. मी आरोग्य केंद्रात नवीनच लागलेली, मूळची चिमूरकडची. तापाच्या माणसाचं बोट टोचायचं, काचेवर थेंब पसरायचा, तो रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचे जंतू शोधायचे, एवढंच माझं काम. पण धानकापणी आली की बाया हात पाठीमागे लपवत. "बोट दुखलं तं इळा कसा धरू, बाई?" मी समजवायची, चिडायची, पुन्हा समजवायची. माझा स्वभाव तेव्हाही तिखटच होता.

दिवाळीनंतर गावात नाटक होतं. त्याच दिवशी ऊन कलताना आमच्या डॉक्टरांनी चक्क राणीलाच पकडून आणलं. राणी म्हणजे नाटकात राणीचं काम करणारा गावचा शिंपी. नऊवारी नेसलेला, हातभर बांगड्या, वरून रजाई, आणि दात कडकडा वाजत होते. मागून त्याची बायको.

"साधा मलेरिया निघाला तर गोळ्या देऊन पाहू," डॉक्टर म्हणाले. "मेंदूत जाणारा निघाला तर नाटक विसरायचं. जीपमध्ये घालून सरळ तालुक्याला."

शिंप्याच्या डोळ्यांतलं काजळ ओघळलं. "पोळ्यापासून तालीम करून राह्यलो जी. माह्याबिगर राणी कोण करन?"

मी घाईघाईनं त्याचं बोट टोचलं. काच रंगवून पाहते तो सगळीकडे लाल डागच डाग. पठ्ठ्यानं बोटांना आलता लावलेला! स्पिरिटनं पुसावं तेवढा तो पसरत होता. दुसरा हात पाहिला, तोही रंगलेला. पायाचे अंगठे पाहिले, तेही. मी कपाळावर हात मारून घेतला.

"आता कान," मी म्हणाले.

"आधी राणीचा झुमका तं काढा," बायको हसत सुटली. बिचाऱ्याचे कान टोचलेले नव्हते, झुमके दोऱ्यानं बांधले होते. कानाच्या पाळीतून स्वच्छ थेंब निघाला.

पण काच सुकून, रंगून होईस्तोवर सूर्य सागाच्या झाडांमागे गेला. आमचा सूक्ष्मदर्शक आरशावर पडणाऱ्या उजेडावर चालायचा, आणि वीज त्या दिवशी रुसलेली. बायको पळत मंडपात गेली आणि रंगमंचाची गॅसबत्तीच उचलून घेऊन आली. आरशासमोर बत्ती धरून ती उभी राहिली. आता ती हसत नव्हती.

एका फुगलेल्या तांबड्या पेशीत लाल खड्याच्या जाडजूड अंगठीसारखा जंतू दिसला. मलेरिया होता. पण कोणता? मेंदूत जाणाऱ्याच्या अंगठ्या नाजूक असतात, आणि सोबत केळ्याच्या आकाराचे जंतूही सापडतात. मी अख्खी काच पालथी घातली. तसलं एकही नव्हतं.

"साधाच आहे!" मी ओरडले आणि त्या बाईला मिठीच मारली. बत्ती पडता पडता वाचली.

डॉक्टरांनी वरणभात खायला घालून गोळ्या दिल्या. घाम फुटला, ताप उतरला. "बसून काम करायचं, उभं राहायचं नाही," एवढ्या अटीवर त्यांनी परवानगी दिली.

त्यामुळे राणी सिंहासनाला चिकटूनच बसली. राजा तिच्याभोवती घिरट्या घालून दमला आणि शेवटी वैतागून म्हणाला, "राणीसाहेब, उठत काऊन नाई?"

कानावरचा कापूस दाखवत शिंपी कडाडला, "कानाचं रक्त देलं म्हणून तं इथी बसली आहो, महाराज! नाई तं जीपमध्ये असती!" मंडप हसून हसून लोळला. मी तर सर्वांत मोठ्यानं हसले.

दुसऱ्या दिवशी केंद्राचं दार उघडलं, तर बाहेर तापानं फणफणलेल्या चार-पाच बाया बसलेल्या. केस मागे सारून सगळ्यांनी कान पुढे केले होते.

"आमचंबी राणीवानी कानाचंच घ्या, बाई," पहिली म्हणाली. "बोटं धानाले लागतेत."