मीराच्या आईच्या हातातला मासा

मेलिंग लिस्टवरच्या मंडळींनो, उन्हाळ्यात मी ब्रिस्टलजवळच्या नदीवर फॅमिलींना फिशिंगला नेतो. आज लंडनजवळच्या पिनरहून एक डॉक्टरबाई मुलीला घेऊन आल्या. स्वतः पक्क्या शाकाहारी, त्यामुळे नदीकडे पाठ करून बसल्या.

छोट्या मीराच्या गळाला पर्च मासा लागला. मी तो सोडवून पाण्यात ठेवला, पण तो आडवाच तरंगू लागला.

मीरा रडायलाच लागली. "आई, मासा मरतोय!"

बाई सँडल्ससकट पाण्यात शिरल्या. "काय करायचं, सांगा."

"अलगद धरा. तोंड प्रवाहाकडे, म्हणजे कल्ल्यांतून पाणी जाईल."

त्या कितीतरी वेळ वाकून उभ्या राहिल्या. अखेर माशाने शेपटी हलवली आणि तो सटकन निसटला. मायलेकी एकमेकींना बिलगून हसत राहिल्या.

मुलांच्या हौसेसाठी तुम्ही कधी असे पाण्यात उतरलात का?