जुन्या मार्गदर्शकांची सही

किस्से कुणी ठरवून गोळा करत नाही हो, ते आपोआप साठतात. आमच्या लॅबमध्ये सहा वर्षांत पावडर झाली चमचाभर आणि किस्से पोतंभर! निम्मे ऐकून लोक हसतात. उरलेले मी सहसा सांगत नाही, आज सांगते.

मालवणजवळच्या एका कॉलेजात नॅनोसायन्सचं संशोधन केंद्र आहे. केंद्र म्हणजे दोन खोल्या. पीएचडीला तिघं: फोंडाघाटचा नितीन, दोडामार्गची सुजाता आणि मी पिंगुळीची. आणि आमचे गाइड, सर.

*

पहिल्याच दिवशी सरांनी अटी वाचून दाखवल्या. कोर्सवर्क, मग पात्रता परीक्षा, दर सहा महिन्यांनी समितीपुढे प्रगती, दोन पेपर छापून यायला हवेत, मग सादरीकरण, मग प्रबंध, मग तोंडी परीक्षा. सगळं पाच वर्षांत!

नितीनने ही यादी घरी सांगितली. त्याचे वडील सुपारी कातरत होते. म्हणाले, "अरे, इतक्यो अटी लग्नाच्या वेळाक तुझ्या आवशीच्या बापाशीन पण माका घालूक नाय!"

*

आम्ही काजूच्या बोंडांच्या रसापासून चांदीचे नॅनोकण करायचो. ते बघायचा मायक्रोस्कोप गोव्यात. एकदा नितीन नमुने तपासून बसने परत येत होता, तर नाक्यावर दारूची तपासणी. हवालदाराने पिशवीतून बाटली काढली. आत तपकिरी पाणी. झाकण उघडून हुंगलं, तर काजूचा वास!

"हुर्राक?"

नितीन घाबरून खरं बोलून गेला, "नाही साहेब, दारू नाही, चांदी आहे!"

"चांदी? मग तर खालीच उतर!"

दोन तास बसवून ठेवलं बिचाऱ्याला.

*

सुजाताचं ऐकून मात्र हसू येत नाही. वादळात चार दिवस लाइट गेली आणि फ्रीजमधले तिचे सगळे नमुने नासले. आठ महिन्यांचं काम! पोरगी लॅबच्या पायरीवर बसून रडली. पुढच्याच आठवड्यात समिती.

एका सदस्यांनी विचारलं, "प्रगती मागच्या वेळेपेक्षा कमी कशी?"

सर म्हणाले, "वादळ आलं होतं."

सदस्यांनी फॉर्म उलटसुलट करून बघितला. "बरोबर आहे हो, पण ते लिहायचं कुठे?"

*

मग सरच आजारी पडले. पोटाचा कॅन्सर, तोही उशिरा कळलेला. माझी मुदतवाढसुद्धा संपत आली होती. दोन महिन्यांत प्रबंध गेला नाही, तर नोंदणी रद्द. मी हॉस्पिटलात जाऊन सादरीकरण दाखवायला खाटेजवळच लॅपटॉप उघडला. सातव्या स्लाइडला नर्स सुई घेऊन आली. "काका, हात द्या."

सरांनी हात दिला, पण मान माझ्याकडेच. "आकड्यापुढे एकक कुठाय? नॅनोमीटर की नारळ?"

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. त्यानंतर तीन आठवड्यांत सर गेले.

*

गाइडच्या सहीशिवाय प्रबंध घेत नाहीत. म्हणजे आता नवे गाइड हवे. दुसऱ्या विभागातल्या मॅडम तयार झाल्या. मी फॉर्म घेऊन विद्यापीठाच्या ऑफिसात गेले.

क्लार्कने बोट ठेवलं. "इथे जुन्या मार्गदर्शकांची ना-हरकत सही लागेल."

"सर वारले."

"हो, कळलं. वाईट झालं. मृत्यूचा दाखला जोडा, पण हा रकाना रिकामा चालत नाही."

माझं डोकंच फिरलं. "कुठून आणू सही? स्मशानातून?"

"मॅडम, माझ्यावर कशाला ओरडता? रकाना काय मी पाडला?"

मुदतीला नऊ दिवस उरले होते. सहा वर्षं पाण्यात गेली, असं मी धरूनच चालले.

*

सरांच्या बाराव्याला आम्ही तिघं त्यांच्या घरी वाढायला गेलो होतो. सहीचं कोणी काढलं नाही. त्या घरात कुठल्या तोंडाने काढायचं? पंगत उठल्यावर काकींनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला आत बोलावलं. कपाटातून पाकीट काढलं. आत तीन फॉर्म, तिघांच्या नावांचे.

माझा उघडला. 'मार्गदर्शक बदलण्याचे कारण' यापुढे सरांच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पूर्वीचे मार्गदर्शक उपलब्ध नाहीत.' खाली ना-हरकत, आणि सही.

मी पुन्हा पुन्हा बघत राहिले. काकींना वाटलं, मला चूक सापडली. त्या जवळ आल्या आणि सहीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"तारीख घालूक नाय त्यांनी. म्हणालेले, ती काय माका आत्ता सांगूक येवची नाय, मागसून ह्या पोरीक घालूक सांग."