भेगेच्या बाई

भेगेच्या बाई डोंगराकडे पाठ करून कधी बसत नसत. ओट्यावर चहाला बसवलं तरी पाट फिरवून घेत आणि वर बघत बसत. चहा निवून जायचा. माझी जाऊ हसायची, "बाई, डोंगर काय पळून जातोय व्हय?" बाई म्हणत, "पळून गेला तर बरंच हो. तो इकडे आला तर काय, ही काळजी आहे."

पुण्याच्या विद्यापीठातून त्या आमच्या वाडीत येत. पावसात डोंगर कसे सुटतात, याचा त्यांचा अभ्यास. वयाने माझ्याएवढ्याच. घोडेगावपर्यंत एसटी, पुढे मिळेल ती जीप. आमच्या घरामागच्या भाताच्या खाचराला भेग पडली होती. तिच्या दोन्ही बाजूंना त्यांनी लोखंडी खुंट्या ठोकल्या. खुंट्यांमधलं अंतर वाढलं की डोंगर सरकतोय, असं त्यांनी मला समजावलं. मी चौथी शिकलेली. पण मला कळणार नाही, असं त्यांनी कधी धरलं नाही. समजेपर्यंत पुन्हा सांगत.

खाचराला भेग पडली की पाणी निघून जातं. म्हणून भेग दिसली की चिखल कालवून पायाने दाबून बुजवायची, ही आमच्याकडची रीतच. मामंजींनीही भर पावसात तेच केलं. खुंट्या पायात येतात म्हणून उपटून बांधावर ठेवल्या. बाई आल्या, त्यांनी ते पाहिलं आणि मटकन चिखलातच बसल्या. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी हळूच विचारलं, "आबा, एकदाच बुजवली का?"

"एकदा कुठली? सकाळी भरली का सांजंला पुन्यांदा खाली बसती. येवढी माती जाती कुठं, देव जाणे."

बाईंचा चेहरा उतरला. "आबा, आजच खाली शाळेत राहायला चला. सगळे. जनावरंसुद्धा."

"लावणी टाकून? बाई, माझा बाप ह्याच डोंगराखाली म्हातारा झाला!"

बाईंना वाद घालता येत नसे. बोलताना आवाज कापायचा. पण त्या दार सोडत नसत. भिजत घरोघर उभ्या राहिल्या. कोणी दार लोटलं तर तिथेच थांबत आणि उघडलं की पुन्हा तेच सांगत. शेवटी कंटाळून का होईना, वाडी खाली उतरली. पाऊस ओसरेपर्यंत आम्ही शाळेत राहिलो.

डोंगर आला नाही. वर परतताना सगळ्यांनी त्यांची टर उडवली. "काय बाई, डोंगर वाट चुकला वाटतं?" "लई चालला आसंल, बसला आसंल इसाव्याला!" मला त्यांच्याकडे बघवेना. बाई ओली छत्री झटकत मला म्हणाल्या, "हसू द्या वहिनी. हसायला सगळे आहेत ना."

पुढे त्यांचा अभ्यास संपला. शेवटच्या खेपेला त्यांनी खुंट्या पुन्हा ठोकल्या आणि अंतर मोजायचा टेप माझ्याकडे दिला. "मी पुण्यात असणार. इथे तुम्ही आहात. भीती वाटली तर ती पोटात ठेवू नका." मी मान हलवली. पण मनात म्हटलं, बाई, मला हे जमायचं नाही. मोठ्या माणसांसमोर माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही. जीप वळेपर्यंत त्या मागे वळून बघत होत्या.

डोंगर अजून तरी जागेवर आहे. पण गेल्या आषाढात पाऊस थांबेचना. दुपारी मी खाचरात गेले, टेप लावला. पुन्हा लावला. अंतर वाढलं होतं. घरी आले तेव्हा पुरुष जेवायला बसले होते. मी वाढायला घेतलेली भाकरी परत टोपलीत ठेवली.

"मामंजी," मी म्हणाले, "उठा. शाळंत जायचंय. जनावरं सोडलीत मी."

धाकटे दीर काही बोलणार होते. मामंजींनी त्यांना गप्प केलं, ताटातच हात धुतला आणि काठी मागितली.