मावशींचा हलका हात

ब्लडप्रेशर मोजून घ्यायचं तर मावशींकडूनच, हे त्या दवाखान्यातल्या प्रत्येक गर्भवतीला ठाऊक होतं. शेजारच्या खोलीतल्या नर्सचं टेबल रिकामं असलं तरी बायका तिकडे फिरकत नसत. "तिथे माझं चढतं बाई," असं म्हणून मावशींच्या दाराशी खोळंबून राहत. मूल होत नाही म्हणून उपचार घ्यायला येणाऱ्यांचा तो दवाखाना. त्याच्या तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत मावशींचं, म्हणजे तिथल्या जुन्या नर्सचं, राज्य. एक खुर्ची, एक खाट, दंडाला पट्टा गुंडाळून प्रेशर मोजायचं यंत्र, आकडे भरायला एक संगणक, आणि खिडकीबाहेर गल्लीतलं गॅरेज. बाई आत येताना घाबरलेली असायची आणि बाहेर पडताना हसत असायची. याला लोक जादू म्हणाले, तर मावशी बिचाऱ्या नाही कशाला म्हणतील?

जादू अशी होती. त्या दवाखान्यात एक मोठं संशोधन चाललं होतं. उपचारांनी दिवस राहिलेल्या बायकांचं प्रेशर पुढे जास्त चढतं का, आणि त्याचा आई-बाळावर काय परिणाम होतो, हे बऱ्याच शहरांतले दवाखाने मिळून तपासत होते. नियम अगदी साधा. बाईला थोडा वेळ शांत बसवायचं, दोनदा मोजायचं, येतील ते दोन्ही आकडे जसेच्या तसे भरायचे, आणि चढलेलं दिसलं की डॉक्टरबाईंना कळवायचं. मावशी नियम पाळत होत्या, फक्त जरा आपल्या पद्धतीने. पहिला आकडा चढा आला, की त्यांच्या लेखी तो मोजलेलाच नसायचा.

"जिना चढून आलीस ना?" त्या विचारायच्या. तळमजल्यावर यायला जिना कुठला, पण बाई हो म्हणायची. मग मावशी तिला डाव्या कुशीवर झोपवायच्या, पंखा तिच्याकडे फिरवायच्या, नवऱ्याच्या चार तक्रारी करायला लावायच्या. पुन्हा मोजायच्या. मनासारखं आलं नाही तर पुन्हा. दोन चांगले आकडे हाती लागले की ते भरायचे, आणि पाठीवर थाप मारून म्हणायचं, "जा, काही नाही तुला. घोडी आहेस घोडी!"

यात त्यांचा काडीचाही फायदा नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. मावशींना एक मुलगा, पण त्याच्या आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. त्या वेळी एका नर्सने दारातूनच, हातमोजे काढता काढता, सांगितलं होतं: "यात काही राहिलं नाही, उद्या या." ते वाक्य मावशींच्या काळजात रुतून बसलं. आपण पुढे मागे नर्सच्या खुर्चीवर बसलो तर कुणाला असं बोलायचं नाही, हे तेव्हाच ठरलं. शिवाय नोकरीच्या सुरुवातीला एक बाई आकडा ऐकून अशी रडली, की तिने खोली डोक्यावर घेतली. मावशींनी तिला निजवलं, केसांवरून हात फिरवला, आणि परत मोजलं तर उतरलेलं. तिला पुढे गुटगुटीत मुलगी झाली. झालं! तेव्हापासून मावशींच्या मनाने घेतलं, की भीतीच चढते, बाकी काही नसतं. मला विचाराल तर माया करणाऱ्या माणसाला अडवणं फार कठीण. त्याला रागावायला जीभच उचलत नाही.

संशोधनाच्या बैठकीत पाहुणे आले की मावशींचं तोंडभरून कौतुक व्हायचं. सगळ्या दवाखान्यांत यांचे आकडे सर्वांत चांगले! नवी नर्स कामावर आली तेव्हा डॉक्टरबाईंनी तिला मावशींच्याच हाताखाली दिलं. किरकोळ अंगाची, सतत बोलणारी. मावशींनी तिचं नाव चिमणी ठेवलं. चिमणी हुशार निघाली. पट्टा कसा बांधायचा, पंखा कसा फिरवायचा आणि पहिला आकडा कसा विसरायचा, सगळं शिकली.

एकदा मात्र तिने मावशींना चमकवलं. शिवणकाम करणारी एक बाई होती. पोटावर थोपटून "हा माझा साहेब" म्हणायची आणि स्वतःच खिदळायची. ती ठरलेल्या दिवशी आली नाही. पुढच्या वेळीही नाही. फोन बंद. अशा बाईच्या नावापुढे संशोधनवाले दोनच शब्द लिहीत, "संपर्क तुटला", आणि पुढे जात.

"मावशी," चिमणी म्हणाली, "तिचं गेल्या वेळी पहिल्यांदा बरंच चढलं होतं ना?"

"पहिल्यांदा कुणाचं चढत नाही गं? घर बदललं असेल. कामाला लाग."

चिमणी कामाला लागली. मावशींनी खिडकी लावून घेतली, कारण गॅरेजचा आवाज त्यांना एकाएकी सहन होईना.

याच सुमारास मावशींच्या सुनेला दिवस राहिले. किती वर्षं त्या घराने वाट पाहिली होती! सुया, गोळ्या, तपासण्या, दोनदा आशा लागून विझलेली. मुलगा रिक्षा चालवायचा, तो तर पोरांच्या शाळेवरून जाणारा रस्ताच टाळायला लागला होता. तिसऱ्या खेपेला गर्भ रुजला तेव्हा मावशी स्वयंपाकघरात खाली बसल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. सुनेला त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं. तिचं नावही त्याच संशोधनात घातलं, आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नाही.

सातवा महिना सरत आला तेव्हा सुनेची चप्पल पायात शिरेना. बोटातली अंगठी साबण लावूनही निघेना. मोजायला आली त्या दिवशी पहिला आकडा एवढा चढा आला, की मावशींनी यंत्र चटकन आपल्याकडे वळवलं.  सुनेला कुशीवर घेतलं, पंखा फिरवला, मुलाच्या लहानपणीच्या खोड्या सांगून तिला हसवलं. पुन्हा मोजलं, थोडं उतरलं. आणखी थांबून मोजलं, बऱ्यापैकी उतरलं.

"बघा," सून म्हणाली, "तुमचा हातच हलका आहे, आई."

मावशींनी आकडे भरले. भरताना एक-दोन अंक खालीही ओढले, आणि हे त्यांनी यापूर्वी कधी केलं नव्हतं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मावशी बाजारातून परतल्या तर सून अंधाऱ्या खोलीत डोक्यावर ओला रुमाल ठेवून पडलेली. भर दुपारी पडदे ओढलेले.

"सकाळपासून डोकं फुटतंय," ती म्हणाली. "डोळ्यांपुढे ठिणग्या उडतायत. छातीखाली इथे दुखतंय."

"अगं, मग फोन नाही का करायचा? याने दवाखान्यात का नेलं नाही?"

"मी म्हटलं होतं," मुलगा दारातून म्हणाला. "ही ऐकतच नाही. म्हणते, आई आल्या की बघतील. तिथे दुसरं कुणी मोजलं तर चढेल."

 घरचं यंत्र काढून मावशींनी पट्टा बांधला. आकडा आला. आयुष्यात त्यांनी एवढा आकडा दोन-चारदाच पाहिला असेल.

सुनेने डोळे न उघडता विचारलं, "किती?"

"थांब जरा."

"परत घ्या ना, आई. दुसऱ्यांदा उतरतं."

आणि मावशींनी परत घेतलं! इतक्या वर्षांचा हात, तो आपसूक यंत्राच्या कळीकडे गेला. आकडा उतरला नाही, आणखी वर गेला. तेव्हा कुठे त्या भानावर आल्या आणि ओरडल्या, "रिक्षा काढ! आत्ताच्या आत्ता!"

दवाखान्यात चिमणीची पाळी होती. मावशींना पाहून तिला हायसं वाटलं. तिने सुनेला त्याच शेवटच्या खोलीत, त्याच खाटेवर घेतलं. पट्टा बांधला, आकडा पाहिला, आणि पंखा सुनेकडे फिरवला.

"काय करतेस?" मावशी म्हणाल्या. "किती आलं?"

"दमून आल्यात ना त्या. डाव्या कुशीवर होऊ देत, मग परत घेऊ."

"परत नाही! डॉक्टरबाईंना बोलव!"

"मावशी, तुम्हीच घाबरलात तर त्यांचं आणखी चढेल." चिमणी हसली, आणि तिने मावशींच्या पाठीवर थाप मारली. "तुम्हीच शिकवलंत ना?"

मावशी जिन्याकडे धावल्या. डॉक्टरबाईंना वरून ओढतच आणलं म्हणा. बाई शांत डोक्याच्या. त्यांनी आधी संगणक पाहिला.

"गेल्या खेपेपर्यंत सगळं उत्तम दिसतंय. तुम्हीच घेतलंय की. असं एकदम कसं चढेल? प्रवासाने झालं असेल, पित्त असेल. थोडं थांबून—"

"ते आकडे खोटे आहेत."

"काय?"

"मी भरलेत. चढलेले टाकून दिले, उतरलेले तेवढे भरले. हिचेही, सगळ्यांचेच. बाई, तुमच्या पाया पडते, माझं काहीही करा, पण आता थांबू नका!"

मुलगा दाराशी उभा होता. त्याने आईकडे पाहिलं, आणि काही समजायच्या आतच खाटेवर सुनेचे डोळे फिरले. दातखीळ बसली, सगळं अंग ताठ होऊन झटके यायला लागले. पंख्याचा वारा तिच्या केसांवरून तसाच वाहत राहिला. चिमणी किंचाळली. पुढचं सगळं धावपळीत झालं: इंजेक्शन, स्ट्रेचर, शस्त्रक्रियेच्या खोलीचं बंद होणारं दार.

बाकावर मावशी एकट्या बसल्या. मुलगा लांबच्या टोकाला, भिंतीकडे तोंड करून. त्यांना शिवणकामवाली आठवली, पोटावर थोपटून हसणारी. मग तिच्या मागोमाग एकेक चेहरा येऊ लागला. त्याच आठवड्यात पाठीवर थाप खाऊन घरी गेलेल्या कितीतरी जणी. आत्ता, या क्षणी, त्यांच्यापैकी कुणीतरी अंधाऱ्या खोलीत पडून मावशींच्या पाळीची वाट बघत असेल. मावशींनी चिमणीला हाक मारली आणि म्हणाल्या, "सगळ्यांना फोन लाव. आजच्या आज बोलव. आणि पहिल्यांदा येईल तोच आकडा डॉक्टरबाईंना कळव." चिमणी फोनपाशी बसली. काही फोन लागले, काही नुसतेच वाजत राहिले.

मुलगी झाली. तळहाताएवढी वाटावी अशी, काचेच्या पेटीत, नळ्यांनी वेढलेली. डॉक्टर तिच्याबद्दल खात्रीचं काहीच बोलेनात. सुनेला शुद्धीवर यायला वेळ लागला. डॉक्टरबाई मावशींना फक्त एवढंच म्हणाल्या, "आपण नंतर बोलू." मावशींनी मान हलवली.

ती शुद्धीवर आल्यावर वॉर्डातली नर्स प्रेशर मोजायला आली, तर सुनेने हात चादरीखाली घेतला.

"आई घेतील," ती ओठ पुसटसे हलवत म्हणाली. तिला अजून कुणीच काही सांगितलं नव्हतं. "त्यांचा हात हलका आहे."

नर्सने पट्टा मावशींच्या हाती दिला. मुलगा खिडकीपाशी उभा होता, तो वळला नाही. मावशींनी सुनेच्या सुजलेल्या दंडाला पट्टा गुंडाळला. यंत्र घरघरलं, थांबलं.

"किती?"

मावशींनी आकडा सांगितला. चढलेलाच होता.

"मग परत घ्या ना."

"नाही घेणार, पोरी. हाच खरा."

  सुनेने हळूच विचारलं, "आणि मागच्या वेळी?"

"तेव्हाही चढलं होतं."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधीही."

 पट्टा तसाच बांधलेला असताना सुनेने हात आपल्याकडे ओढून घेतला, आणि नळीने जोडलेलं यंत्र टेबलावरून घसरत तिच्या मागे गेलं. मावशींचा हात चादरीवर होता तिथेच राहिला.